पेटीत ठेवलेला नमुना

हर्सूल, छत्रपती संभाजीनगर

गौहर, तुला सलाम आणि लहानग्या अरफाला दुआ.

सोमवारी पहाटे फजरची नमाज पढून मी बैठकीच्या टेबलावर खडकाचे नमुने मांडले. किरणोत्सारी कचरा पोलादी पिंपांत भरून खोल पुरायचा आराखडा इथं ठरतोय. माझी तब्येत बरी आहे. देवगावला आपल्या विहिरीत पाणी आहे ना?

खडकाचे तज्ज्ञ म्हणाले, "खडकाला भेगा असतात, पण पिंप टिकेल." पिंपांचे तज्ज्ञ हसले, "पिंप गंजणारच साहेब, आमची मदार तुमच्या खडकावर!" ज्याला जे कळतं, त्याचाच त्याला भरवसा नाही.

भेग असलेला एक नमुना सुपरवायझरनं पेटीतच ठेवायला लावला होता. कारण विचारलं तर म्हणाला, "नूरभाई, नोकरी नको झाली का?"

आपल्या विहिरीला पाणी अशाच भेगेतून येतं, गौहर.

नोकरीचं अल्लाह बघेल. आज तो नमुना मी दोघा तज्ज्ञांसमोर नेऊन ठेवला.

तुझा
नूरमोहम्मद