चेहरा राहिलेलं चित्र

आदरणीय ताई,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? जिना एकेक पायरीनेच चढत जा. आमची ही तुमच्याकडे येऊन नऊ दिवस झाले. (खरं तर साडेआठ, निघाली तेव्हा दुपार होती.) तिने काय सांगितलं असेल ते असो. तपशिलात ती कच्ची आहे, म्हणून घडलं ते मीच लिहितो.

सव्वीस वर्षं मी चित्रांना फ्रेमा करतोय आणि कुठल्याही शाळेत न जाता, काचेवर फडकं मारता मारता चित्रकला शिकलोय. आपल्याकडच्या नव्या चित्रांतल्या बायका माझ्याइतक्या जवळून त्यांच्या चित्रकारांनीही पाहिल्या नसतील. लांब माना, माशासारखे डोळे, मांडीवर पक्षी नाहीतर हातात आरसा. कामाला हात लावलेली एक सापडेल तर शपथ. म्हणून मी ठरवलं, काम करणारी बाई काढायची, आणि ती घरातच होती. दोन महिने ही शिलाई मशीनवर आणि मी समोर. मशीनचा नंबर, रिळाचे वेढे, पट्टा जोडणारी तार, सगळं मापात. (पायडलची जाळी दोनदा पुसली, एक सूत रुंद झाली होती.) चेहरा शेवटी करू म्हणून ठेवला आणि मग तो काही केल्या जमेना.

त्यात माझ्याकडे फ्रेमा करून घेणारे एक मोठे चित्रकार दुकानात आले. चित्र बघून चष्मा काढला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "चेहरा दिला नाहीत, हीच खरी आजची स्त्री. आता हात लावू नका. माझ्या प्रदर्शनात लावू." ताई, त्या माणसाने आजवर मला फक्त मापं सांगितली होती. "जमला नाही हो" म्हणायचं सोडून मी मान डोलावली. चित्र घरी आणून मी हिला त्यासमोर उभं केलं आणि चेहरा नसण्यामागचा विचार अर्धा तास समजावला. तिने सगळा ऐकला. मग म्हणाली, "अहो, पट्ट्याची तारसुद्धा आहे की. मी कुठंय?" मी म्हटलं, तेच तर मर्म आहे. तिने बॅग भरली.

मर्म सांगायला नको होतं, एवढं मान्य. बाकी चित्र निर्दोष आहे. प्रकृतीला जपा, भावोजींना नमस्कार.

ता. क. एक क्षुल्लक विचारायचं राहिलं. हिच्या भुवईवर लहानपणीचा व्रण आहे, तो डाव्या की उजव्या? आठवून चेहरा करायला बसलो आणि तिथेच अडलो. जुने फोटो काढून पाहिले, तर प्रत्येक फोटोत ही मान वळवून माझी कॉलर नीट आहे का ते बघतेय. तिच्या नकळत बघून कळवा.

आणखी एक, हे संध्याकाळी लिहितोय. कळवू नका. चित्र मी प्रदर्शनातून काढून आणलं. चित्रकारांना सांगितलं, विचारबिचार काही नव्हता, मला येत नव्हतं. (ते पुन्हा मापांवर आले.) रविवारी सकाळच्या गाडीने येतो. रंग, ब्रश, काही आणत नाही. तिला म्हणावं, बोलली नाहीस तरी चालेल, पण जरा वेळ समोर बस. मला बघायचंय.