अजून अर्धा तास बघा

छत्रपती संभाजीनगर

प्रिय सुदर्शन,

परदेशातून आल्यापासून तुला कधी सांगेन असं झालंय. आम्हां न्यायाधीशांना तिथल्या प्रशिक्षणात चित्रं, कविता, मेंदूचं शास्त्र शिकवलं. मी कॉन्व्हेंट शाळेतल्यासारखी पहिल्या बाकावर बसायचे.

एका चित्रातल्या बाईचे कोरडे डोळे पाहून मी म्हटलं, "निर्दयी आहे."

शिकवणाऱ्या मॅडम हसल्या. "इतक्यात निकाल? अजून अर्धा तास बघा."

मग तिच्या मांडीवरचा आजाऱ्याचा हात दिसला. ती निर्दयी नव्हती, थकली होती.

आईच्या दहाव्याला तू रडला नाहीस, म्हणून मी चारचौघांत तुला दगड म्हटलं. तिच्या आजारपणात आठ महिने तिचं सगळं तूच केलं होतंस. त्यानंतर सहा वर्षं आपण बोललो नाही.

हे पत्र टाकत नाही. माफी समोर येऊन मागायचीय. उद्या सकाळीच पिशोरला येते. तू कितीही रागावलास तरी मध्ये बोलणार नाही.

तुझी उतावळी,
ताई