हवामानाची वर्गणी

२१ ऑगस्ट २०२३

मेसेज आला – हवामानाच्या ॲपची वर्गणी पुढच्या महिन्यात संपतेय. आत्ताच भरा, सवलत मिळवा! बाहेर महिनाभर थेंब नाही. सवलत कशावर?

दिपाली म्हणाली, "पाऊस नाही हे खिडकीतूनही दिसतंय. फुकट!" बरोबर आहे तिचं.

पण ॲप आमच्यासाठी घेतलंच नव्हतं. थोरल्या भावासाठी, रामेश्वरदादासाठी घेतलं. दादा गावी पिशोरला, मेंढरं राखतो. कुठल्या शिवारात पाऊस झाला ते कळलं की कळप कुठं न्यायचा ते ठरतं. त्याचा फोन साधा, बटणांचा. म्हणून रोज कंपनीतून आलो की मी बघतो आणि त्याला सांगतो.

२३ ऑगस्ट

दादाला फोन.

"कन्नडकडं ढग आहेत. पाऊस नाही. उद्याही नाही."

"वारं?"

"पश्चिमेचं."

"बरं झालं सांगितलंस."

संपलं. रोज एवढंच.

२७ ऑगस्ट

रविवार. टँकर आला नाही. दिपालीनं भांडी तशीच ठेवली.

शहराच्या कडेला देवळाईत राहायला आलो तेव्हा गच्चीवरून माळ दिसायचा. आता नुसते स्लॅब, आणि त्यावर लोखंडी सळया. ह्या प्लॉटसाठी मी गावच्या जमिनीतली माझी वाटणी विकली. घेणाऱ्यानं तारेचं कुंपण ठोकलं, मेंढरांची वाट अडली. दादा भांडला नाही. बोलणंच बंद केलं! लग्नकार्यात भेटलो तरी मान हलवायची नि पुढं जायचं. असं काही वर्षं.

मग मागच्या साली हे ॲप घेतलं. पहिल्यांदा त्याला सांगण्यासारखं काहीतरी हातात आलं.

३१ ऑगस्ट

आज शांतपणे विचार केला – ॲपनं दिलं काय?

एप्रिलातली गारपीट दुपारीच सांगितली होती. मी कंपनीच्या गेटबाहेर येऊन फोन लावला. दादानं कळप शाळेच्या व्हरांड्यात घातला. शेजारच्या शिवारात शेळ्या मेल्या, त्याचं एकही कोकरू गेलं नाही. हे खरं.

जूनमध्ये "मुसळधार" म्हणालं – धूळ उडाली! हेही खरं. जुलैत काय सांगितलं ते आठवतही नाही.

एका गारपिटीसाठी वर्षाचे पैसे? दोन गॅसच्या टाक्या येतात तेवढ्यात. बंद करावं.

५ सप्टेंबर

दादालाच विचारलं. "ॲपची मुदत संपतेय. ठेवू का बंद करू?"

"तुला परवडतंय का?"

"परवडायचं सोड. तुला उपयोग होतो का?"

"व्हय, होतो की. लई होतो."

असं तो कशालाच म्हणत नाही. मेंढरं चिंचोलीच्या माळावर आहेत म्हणाला. गवत नाय, पण चालतंय.

८ सप्टेंबर

पाऊस! दिपालीनं टप सगळे गच्चीवर नेले. ॲपला पत्ताच नाही.

१४ सप्टेंबर

पोळ्याला पिशोरला गेलो. दिपालीला बरं नव्हतं, एकटाच. दादा घरी नव्हता. म्हाळसावहिनीनं पुरणपोळी वाढली. हात धुवायला मागच्या दाराला गेलो तर मेंढरांच्या वाड्यात एरंड उगवलेले, कमरेएवढे. लेंडी नाही, वास नाही.

"वहिनी, मेंढरं चिंचोलीहून आली नाहीत का?"



"कुठली मेंढरं, भावजी? बकरी ईदला सगळी विकली की सिल्लोडला. चाराच नव्हता. आता ते अद्रकीची पोती उचलायला जातेत."

"मग रोज मला वारं कशाला विचारतो?"

"मी बी तेच म्हणलं. तर म्हणले, मेंढरं नाय म्हणून सांगितलं तर अंगदला फोन करायला काय राहील?" पदरानं तोंड पुसत म्हणाली, "दिवे लागले की मोबाईल घेऊन ओट्यावर बसतेत. मी सांगितलं म्हणू नका."

दादा आला. खांद्याला माती, अंगाला आल्याचा वास. "मेंढरं गड्यापाशी ठेवून आलो," म्हणाला.

मी "बरं" म्हणालो.

बसमध्ये खिडकीशी बसलो. फुलंब्रीपर्यंत काहीच दिसलं नाही.

१६ सप्टेंबर

मुदत संपली. भरले नाहीत. ॲप काढून टाकलं.

दिवे लागल्यावर फोन केला. पहिल्याच रिंगला उचलला.

"दादा, जेवलास का?"



"आता बसतोच हाय. तू?"