सात कागदांवरचं ‘नाय’

महाड,
दि. १२ नोव्हेंबर २०२४

माननीय कुलगुरू महोदया यांस,

ही वरची ओळ ओंकारनं सांगितली म्हणून लिहिली. तो आपल्या केंद्रात कारकून आहे, त्याला रीतभात ठाऊक. यापुढं मी माझ्या रीतीनं लिहितो.

चि. तेजू, तुला अजमलचाचाचे सलाम आणि पोटभर दुवा. इकडे सर्व खुशाल आहे.

विद्यापीठाच्या सगळ्या केंद्रांना तू कागद धाडलेस, की पुढच्या दहा वर्षांचा आराखडा करायचाय, तर शिपायापासून कारकुनापर्यंत प्रत्येकानं आपली अडचण आपल्या हातानं लिहावी. असं आजवर कोणी विचारलं नव्हतं गो. माझ्या बत्तीस वर्षांच्या नोकरीत कुलगुरू बदलले, हे आम्हाला भिंतीवरचा फोटो बदलला की कळायचं. सातही जणांचे कागद सोबत आहेत. वाचून तुला बरं वाटेल.

निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी मी सकाळी दहाला ग्रंथालयात जाऊन बसतो. माझ्या शिपायाच्या जागेवर आता सकिना आहे. ती मला खुर्ची देते आणि वर्तमानपत्रं लावायला देते, म्हातारा गुंतून राहावा म्हणून. आपलं ते घड्याळही अजून चालतं. तू इथं शिकायचीस तेव्हा ग्रंथालय पावणेसहाला बंद व्हायचं, तुझी कापडे गावची गाडी सव्वासहाला. तू स्टँडवर एकटी ताटकळू नयेस म्हणून मी काटा वीस मिनिटं मागे सरकवायचो. साहेबांना वाटायचं, घड्याळच आळशी आहे.

आपल्या केंद्रात झाडू मारणाऱ्या बनुबाईची चौकशी केलीस. तुझ्याच कापड्याची, तुझ्या आईबरोबर भातलावणीला जाणारी, तिला तू विसरणार नाहीस हे ठाऊक होतं. ती सध्या घरीच असते. पावसाळ्यात पाय घसरून हाताला जरा लागलं. आता बरी आहे.

लोभ आहेच, तो वाढता राहू दे.

तुझा,
अजमलचाचा


महाड,
दि. ९ जानेवारी २०२५

चि. तेजू,

सलाम आणि दुवा.

तुझं पत्र पोचलं. तीनदा वाचलं, चौथ्यांदा हिंमत झाली नाही. तू लिहिलंस, बाकी केंद्रांतून पानंच्या पानं आली. कुठं प्यायला पाणी नाही, कुठं अकरा महिन्यांची कंत्राटी ऑर्डर संपली की माणसाला झोप नाही. महाडच्या सातही कागदांवर मात्र एकच शब्द, ‘नाय’. आराखडा करणाऱ्यांनी आपल्या केंद्रापुढं ‘गरज नाही’ असा शेरा मारला आणि पान उलटलं. कायम करायच्या जागांत महाड कुठंच नाही. पंचवीस तारखेच्या बैठकीत ते पक्कं होणार, तेव्हा खरं काय ते आधी कळवा, म्हणतेस.

आणि शेवटी ते वाक्य. ‘चाचा, लेकीनं विचारलं की माहेर खोटं बोलतं, हे मला कळतं. पण मी लेक म्हणून विचारलं नव्हतं.’

तर ऐक. ते ‘नाय’ माझं आहे.

कागद आले त्या दिवशी सगळे चहाला जमले होते. सकिनानं दोन ओळी लिहूनही झाल्या होत्या. मी तिच्या कागदावर हात ठेवला. म्हटलं, आपलीच पोर तिथं एवढ्या मोठ्या खुर्चीवर बसलीय, नवी आहे, चार माणसं तिच्या चुका टिपायला बसली असतील. माहेरानंच रडगाणं गायलं तर तिनं काय करायचं? सासरी गेलेल्या लेकीला आपण गळकं छप्पर सांगतो का? सगळ्यांना ते पटलं. म्हातारा बोलला की पटतंच, हीच तर गोम आहे. सकिनानं कागद फाडला आणि दुसरा मागून घेतला. ओंकारनं विचारलं, ‘नाही’ असं लिहायचं ना? मी म्हटलं, ‘नाय’ लिहा, म्हणजे तिला घरचं वाटेल.

बघ, केवढा शहाणपणा.

तिथंच थांबलो असतो तर निदान निम्मा दोष गेला असता. पण बनुबाईचंही तुला धड लिहिलं नाही. ती घरी पडली नाही. गेल्या जुलैत सावित्री नदीचं पाणी चढायला लागलं तशी आम्ही खालच्या मजल्यावरची पुस्तकं वर नेत होतो. एकवीस सालच्या पुरात काय गेलं ते पाहिल्यापासून पाणी वाढतंय म्हटलं की आमचे पाय आपोआप जिन्याकडं वळतात. ती आणि सकिना सकाळपासून पेट्या वाहत होत्या. शेवटची एक राहिली. बनुबाई म्हणाली, चाचा, हिच्यात नुसत्या जुन्या वह्या हायत, राहू द्या. मी म्हटलं, एवढी एक घे. जिना ओला होता. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं.

त्या पेटीत वाचकांच्या नोंदवह्या होत्या. त्यातल्या एकीत तुझ्या सह्या आहेत, तीन वर्षांच्या, रोजच्या. तू कुलगुरू झाल्याचं कळल्यापासून येणाऱ्याजाणाऱ्याला मी ते पान दाखवतो. त्या पानासाठी मी तिला जिना चढायला लावला, तेजू.

वर मीच तिला म्हटलं, घरी पडले म्हणून सांग, कामावर पडलीस म्हटलं तर पुढची ऑर्डर द्यायला साहेब कचरेल. तिनं तसं सांगितलं. तरी सप्टेंबरात ऑर्डर संपली आणि नवी निघालीच नाही. हाताला जोर नाही, मग झाडू कोण मारणार, म्हणाले. म्हणून तुझ्याकडं सात कागद आले. आठवं माणूस यादीतच नव्हतं.

काल कोरा कागद घेऊन कापड्याला गेलो. पोलादपूरला गाडी बदलेपर्यंत तिला कसं सांगायचं ते मनात घोळवत होतो. ती ओटीवर डाव्या हातानं तांदूळ निवडत होती. म्हणाली, ‘या, आज कशी काय आठवण झाली?’ टोमणा होता, मी गिळला. जुलैपासून मी एकदाही गेलो नव्हतो. तू विचारलेलं सगळं तिला वाचून दाखवलं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘आमच्या तेजूनं इचारलं, आन् तुम्ही परस्पर नाय म्हणून बसलात? मला इचारायचं तरी.’

चहा तिनं डाव्या हातानंच केला, कप माझ्यापुढं ठेवताना बशीत सांडला. मग म्हणाली, ‘लिवा. हात दुखतो, फडक्याला पिळा मारता येत नाय. डाव्या हातानं झाडू जमतो, मी घरी करून बघितलंय. पाण्याच्या दिवसांत पेट्या वाहायला दोन गडी द्या. आन् तुमचं नाव नका घालू, या वयात कुठं तुमची चौकशी लावतील.’

मी नाव घातलंय. जुलैत काय घडलं ते वेगळ्या कागदावर, तारखेसकट, माझ्या सहीनं जोडलंय. बनुबाईच्या कागदावर तिचा डावा अंगठा आहे. बाकीच्या सातांनी नवे कागद लिहिलेत. सकिनाचे चार झाले, मी एकही वाचला नाही. पाकीट ओंकार उद्या स्वतः घेऊन येतोय, टपालावर ठेवलं नाही.

बनुबाईला परत घ्या, असं मी म्हणत नाही. म्हणजे म्हणतोच आहे. पण तुझ्या माहेरची म्हणून तिला काही देऊ नकोस. ती कामावर पडली, एवढंच धर. तू आराखड्यात दहा वर्षं पुढचं बघतेस. आम्हाला पुढचं म्हणजे पुढची ऑर्डर दिसते. या दोहोंच्या मधला जिना कोणी तरी सुकवला पाहिजे.

काटा मागे सरकवला तेव्हाही मी खोटंच वागलो होतो. त्या खोट्यानं एक पोर स्टँडवर एकटी ताटकळली नाही, म्हणून मला वाटत आलं की आपल्या मायेचं खोटं कोणाला लागत नाही. बनुबाईला लागलं.

पत्राच्या सुरुवातीला ‘इकडे सर्व खुशाल’ लिहिलं नाही, हे तुझ्या ध्यानात आलंच असेल. हात सवयीनं तिथं गेला होता, मागे घेतला. ती ओळ राखून ठेवलीय. बनुबाई सांगेल तेव्हाच लिहीन.

पुन्हा कधी कोणाच्या वतीनं नाय न म्हणणारा,
अजमलचाचा