ह्यांचे पांढरे शर्ट

१८ सप्टेंबर १९६७, सोमवार

हे जेवले नाहीत. पान वाढलं होतं, वरण-भातावर तूप घातलं होतं, तेवढ्यात दवाखान्यातून माणूस धावत आला — मुरब्याला माणसं पटापट पडतायत, चला. तसेच उठले. भात गार झाला.

खरं काय ते भागी भांड्याला आली तेव्हा कळलं. भाताच्या किडीवरचं औषध घेऊन निघालेली लॉरी मुरब्याजवळ रस्त्याच्या मोरीवरून खाली गेली. पिंपं फुटली, औषध खाडीत. "खाडी मेली बाय. मासं उताणं पडलं हाय. लोकानी टोपल्या भरून नेलं, खाल्लं नि आडवं झालं. समद्या गावात लसणीवानी वास सुटलाय."

१९ सप्टेंबर

हे आले. डोळे लाल, कपडे चिखलाने आणि ओकाऱ्यांनी भरलेले. दोघं गेली, एक म्हातारा आणि एक बाळंतीण. बाकीची वाचतील म्हणाले.

माझ्यासमोर बसून सगळं सांगितलं. असं ते क्वचितच सांगतात. या विषाने डोळ्यातली बाहुली मोहरीएवढी होते. घाम, लाळ, डोळ्यांना पाणी, मग छाती भरून येते आणि श्वास अडतो. अॅट्रोपिन टोचत राहायचं, तोंड कोरडं पडेपर्यंत टोचत राहायचं. नुसतं पोटातूनच नाही, कातडीतूनही भिनतं म्हणे. ऐकताना अंगावर काटा आला.

पण हे सांगताना प्रत्येक वाक्यात जयवंती! जयवंतीने शीर धरली, जयवंतीने लोकांना समजावलं, जयवंती होती म्हणून.

जयवंती म्हणजे दवाखान्यातली नवी नर्स. मुरब्याच्याच कोळ्यांची, तांडेलांची, ठाण्याला शिकून आलेली. लग्न झालेलं नाही. उंच, सावळी, दात फार सुंदर. तिच्या दातांचं मला काय करायचंय!

२१ सप्टेंबर

आजपासून ह्यांचं रोज मुरबे. मुंबईच्या प्रयोगशाळेतून गोडांबे नावाचे गृहस्थ पाणी तपासायला आलेत. मोरीखाली चुना टाकून घेतायत, विहिरी बंद केल्यात, खाडीत जाळं टाकायला बंदी. बंदी कधी उठवायची ते हे आणि गोडांबे ठरवणार.

आणि जयवंती, अर्थातच. तिला तिथली बोली येते ना.

२२ सप्टेंबर

ती घरी आली! हे बाहेर असताना. पायरीवरच उभी राहिली. आत ये म्हटलं नाही मी.

"वहिनी, साहेबांचे कपडे घरात घेऊ नका. बाहेरच वेगळ्या बादलीत धुण्याच्या सोड्यात घाला, रात्रभर भिजू द्या. हातानं चोळू नका. नुसत्या पाण्यानं ते जात नाय."

वहिनी म्हणे. कोणत्या नात्याने? माझ्या नवऱ्याचे कपडे कसे धुवायचे ते आता ही मला शिकवणार! आठ वर्षं मी काय करत होते? हे तर कालच म्हणाले होते, "कपड्यांचं जयवंती येऊन सांगेल." यांच्या तोंडाला काय झालं होतं? स्वतः सांगता येत नव्हतं?

दोनच तर चांगले शर्ट आहेत, पांढरे पॉपलिनचे. रात्रभर सोड्यात घातले तर पिवळे पडतील आणि सकाळी चुरगळलेल्या शर्टात जावं लागेल. त्या बाईसमोर! म्हणजे तिने म्हणावं, बायकोचं लक्ष नाही. छे. नेहमीसारखे पाण्यातून खळबळून काढले, नीळ दिली, कोळशाच्या इस्त्रीने कडक केले. कॉलर अशी उभी राहिली की बघत राहावं. कळू दे तिला, घरी कुणी आहे ते.

इस्त्री करताना डोळ्यांतून घळाघळा पाणी. इतकी कशी मी हळवी झाले?

२३ सप्टेंबर

जेवले नाहीत धड. दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. "मळमळतंय." कंदील लावला तर म्हणतात, "वात मोठी कर, अंधार का ठेवलायस?" वात मोठीच होती. माझ्या तोंडाकडे बघतच नाहीत. पेपर हातात धरून नुसते बसले होते.

माणसाचं मन दुसरीकडे असलं की असंच होतं.

२४ सप्टेंबर, रविवार

आज मुरब्याला गेले नाहीत. दिवसभर बनियनवर ओसरीत पडून होते. दुपारपर्यंत चेहरा खुलला. थालीपीठ मागून घेऊन खाल्लं. भागीची थट्टा केली. संध्याकाळी मला म्हणाले, "तू बरीच वाळलीस गं."

बघा. एक दिवस ती दिसली नाही तर माझा नवरा परत आला!

२५ सप्टेंबर

सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून गेले. परत आले ते घामाने डबडबलेले, हात थरथरतायत. पुन्हा तेच, न जेवणं.

२६ सप्टेंबर

शर्टाला लसणीचा वास आहे. धुऊन, इस्त्री करून घडी घातलेल्या शर्टाला! नाक लावून पाहिलं, खात्री केली. आमच्या घरात चातुर्मासात लसूण उंबरा ओलांडत नाही. म्हणजे तिच्याकडे जेवतात. तिच्या हातचं कालवण खातात आणि घरी येऊन मळमळतंय म्हणतात. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

औषधाचा वास? मनात आलं तसं. पण धुतलेल्या कपड्याला औषधाचा वास राहतो का कधी? मला काय दूधखुळी समजतात!

दुसरा शर्ट काढला, त्यालाही तोच वास. दोन्ही छातीशी धरून रडले. डोकं इतकं ठणकतंय की अक्षर नीट दिसत नाही.

२८ सप्टेंबर

काल मुरब्याला जाऊन आले. डबा घेऊन. न सांगता.

देवळाच्या ओट्यावर ओळीने मडकी मांडली होती. प्रत्येकावर खडूने लिहिलेलं — मोरी, खाडीचं तोंड, देवळाची विहीर. प्रत्येकात त्या त्या जागचं पाणी आणि बोटाएवढे दोन-चार जिवंत मासे. गोडांबे मोठे बोलके. म्हणाले, "यंत्रं मुंबईला, वहिनी. इथं हाच आमचा तपासनीस. तो जगला तर पाणी चांगलं." मोरीच्या मडक्यातले सगळे उलटे होऊन तरंगत होते.

ओट्याखाली बायका बसून होत्या. काशीबाई नावाची एक मला म्हणाली, "तुमी डाक्टरची बाय ना? त्यांना सांगा, खाडी लवकर सोडा. होड्या सुकून फाटतील आमच्या. पाटीत घालायला मासा नाय, काय विकू?" मी हो म्हटलं. माझं लक्ष नव्हतं.

माझं लक्ष देवळामागे. तिथे हे दगडावर बसले होते. जयवंतीने ह्यांची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे केलं होतं आणि डोळ्यांत डोळे घालून बघत होती. हेही बघू देत होते! भर दुपारी, देवाच्या दारात.

मला पाहिल्यावर तिने हात काढला. म्हणाली, "वहिनी, बरं झालं आलात. साहेबांचे कपडे —"

मी डबा ओट्यावर आपटला आणि चालू लागले. सारा रस्ता तोंडाला पदर. कपडे कपडे कपडे. चोराच्या उलट्या बोंबा.

३० सप्टेंबर

ह्यांना विचारलं. सरळ विचारलं. हे हसले. "डोळे तपासत होती. म्हणते बाहुल्या लहान दिसतात. मी म्हटलं, दमलोय, झोप नाही. उगाच भिते ती."

किती भिते बिचारी! मीही रोज बघते ह्यांचे डोळे. मला कधी हनुवटी धरू दिली नाही.

३ ऑक्टोबर

लिहवत नाही. हे अंथरुणावर आहेत, दवाखान्यातच. श्वास चालू आहे.

४ ऑक्टोबर

लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

काल सकाळी ताजा शर्ट घालून गेले. थोड्या वेळाने भागीच धावत आली, "बाय, डाक्टर पडलं." मी अनवाणी पळाले. दवाखान्यात हे जमिनीवर, तोंडाला फेस, घशात घरघर. जयवंतीने कात्रीने शर्ट उभा फाडला. टरकन. मी इस्त्री केलेला शर्ट! सुई टोचली, पुन्हा टोचली, पुन्हा. मग साबणाचं पाणी घेऊन ह्यांचं अंग धुवायला लागली — छाती, काखा, मान. सगळ्यांच्या देखत. आणि खोटं कशाला लिहू, त्या वेळेला माझ्या मनात काय आलं? मरणाच्या दारात नवरा पडलेला आणि माझ्या मनात आलं की हिचे हात बाजूला करावेत.

संध्याकाळी ह्यांचं तोंड कोरडं पडलं. पाणी मागितलं. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि तिथेच झोपली.

गोडांबे मुरब्याहून आले होते. त्यांनी फाटलेल्या शर्टाच्या पाठीचा तुकडा कापला आणि चांगल्या पाण्याच्या मडक्यात टाकला. मासे गरागरा फिरले. मग कुशीवर झाले. मग उलटे. मी तिथेच उभी होते.

जयवंती जागी झाली तेव्हा माझ्याजवळ आली. हळूच विचारलं, "सोड्यात घातले होते ना, वहिनी?"

मी मडक्यातल्या उलट्या माशांकडे बघितलं. ती समजली.

मी घातलं विष. रोज सकाळी, माझ्या हाताने, बटणं लावून.

७ ऑक्टोबर

ठाण्याहून मोठे साहेब आले. सरकारी डॉक्टर विषबाधेने पडतो म्हणजे काय! ह्यांच्या खाटेशीच चौकशी. गोडांब्यांनी मडक्याचं सांगितलं. साहेब म्हणाले, "शर्ट घरून धुऊन आलेला दिसतो. घरी कुणी काही सांगितलं नव्हतं?"

मी तोंड उघडणार होते. खरंच उघडणार होते. पण त्याआधी जयवंती बोलली, "सांगायचं राहिलं, साहेब. माझी चूक."

मी मान खाली घातली. गप्प बसले.

८ ऑक्टोबर

सगळ्या मडक्यांतले मासे जिवंत. खाडी खुली झाली. भागी सांगत होती, मुरब्याच्या होड्या पहाटेच गेल्या.

९ ऑक्टोबर

ह्यांना घरी आणलं. मऊ भात, मेतकूट. दोन वेळा मागून घेतला.

जयवंतीची बदली झाली. मोखाड्याला, पार डोंगरात. शिक्षाच ती. गोडांब्यांनी रदबदली केली, उपयोग झाला नाही. आणि हे! इतके दिवस जिच्या नावाचा जप चालला होता, तिच्याबद्दल म्हणतात, "एवढी साधी गोष्ट सांगायची राहते? माणूस मेला असता. माझ्यासमोर तिचं नाव काढू नकोस."

हेच हवं होतं मला. अगदी याच शब्दांत हवं होतं. पंधरा दिवस देवापुढे दुसरं काय मागत होते? मिळालं. मग घशाखाली घास का उतरत नाही?

१० ऑक्टोबर

तिच्या खोलीवर गेले. ट्रंक भरत होती. या वेळी मी पायरीवर उभी होते आणि तिने आत बोलावलं. चटई टाकली.

"का असं केलंस?" मी विचारलं.

ती साड्यांच्या घड्या घालत राहिली. मग म्हणाली, "खरं सांगितलं असतं तर साहेब तुमच्या हातचं पानी तरी प्याले असते का, वहिनी? दुखण्यातून उठलेला मानूस. त्याला घरी जेवायला पायजे. माझं काय, मी मोखाड्याला पन नर्सच."

मी रडले. तिने रडू दिलं.

निघताना तिने विचारलं, "जेवतात ना आता? दिसतं नीट?" विचारताना ट्रंकेकडे बघत होती. उत्तर ऐकायला हात थांबवले होते.

तेव्हा मला कळलं. माझा संशय अगदी खोटा नव्हता, फक्त माणूस चुकला होता. ह्यांच्या मनात काही नव्हतं. तिच्या होतं. आणि ते तिने कुणाला, ह्यांनासुद्धा, दिसू दिलं नाही. मलाच तेवढं दिसलं, आणि तेही आता, तिची ट्रंक भरून झाल्यावर.

वाटेत येताना पुन्हा तिचा हेवा वाटू लागला. आता तर जास्तच. कारण मला माहीत आहे, मी तिच्या जागी असते तर खरं सांगून मोकळी झाले असते.

११ ऑक्टोबर

सकाळी चहा दिला आणि ह्यांना सगळं सांगितलं. सोडा, नीळ, इस्त्री, लसणीचा वास, माझं गप्प बसणं. तिच्या मनातलं तेवढं सांगितलं नाही. ते तिचं आहे.

कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, खूप दिवसांनी नीट बघितलं. रागावतील वाटलं. तेही नाही. मग म्हणाले, "ती निघाली का?"

"आत्ता निघेल. स्टँडवर असेल."

उठायला गेले, पाय लटपटले. मीच काखेत हात घालून उभं केलं, दारापर्यंत नेलं, चपला पुढे केल्या. हे उंबऱ्यात घुटमळले.

"जा," मी म्हणाले. "गाडी सुटेल."