फौजदाराची दाढ

४ मार्च
आज नवा बूट गेला. डावा. फौजदारानं चावून त्याच्या चिंध्या केल्या. ही म्हणते, बूट कपाटात ठेवत जा. म्हणजे चूक कुत्र्यानं करायची आणि शिस्त मी पाळायची. या घरात फौजदार हे कुत्र्याचं नाव आहे, हुद्दा नाही. उद्यापासून कडक शिस्त.

५ मार्च
त्याला चघळायला मोठं वाळकं हाड आणलं. दगडासारखं. दुकानदार म्हणाला, जन्मभर टिकेल. ही म्हणाली, अहो, फार कडक वाटतंय. हिच्या मऊ वागण्यानंच कुत्रं डोक्यावर बसलंय.

६ मार्च, संध्याकाळ
फौजदार हाडावर तुटून पडला. कट्‌कन आवाज आला. हाड तपासलं, साधा ओरखडाही नाही. उत्तम माल.

११ मार्च
पद्धत लागू पडली. बुटांकडे ढुंकूनही बघत नाही. हाडसुद्धा सोडलं. ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. या विषयावर पुस्तक लिहायला हरकत नाही.

१९ मार्च
शिस्त आता जेवणातही उतरलीय. एकाच बाजूनं, सावकाश चावतो. निम्मं खाली सांडतं, ते पुढच्या धड्यात घेऊ. तोंडाला मात्र घाण वास मारतो. ही म्हणाली, डॉक्टरांना दाखवू या. कुत्र्याच्या तोंडाला काय गुलाबाचा वास येणार? रागानं ताटावरून उठलो. भूक होती.

२७ मार्च
डोकं फिरलंय. फौजदाराच्या डोळ्याखाली ही एवढी सूज. हा शेजारच्या मास्तरांचा उद्योग. मागे यानं त्यांची टोमॅटोची रोपं उकरली, त्याचा सूड. कुंपणावरूनच सुनावलं, मुक्या जनावराला दगड मारता, लाज नाही वाटत? मास्तर म्हणाले, अहो, मी त्याला कधी साधं हाड्‌ म्हटलेलं नाही. चोराच्या उलट्या बोंबा. उद्या तक्रार ठोकणार.

२८ मार्च
सकाळी कुरवाळायला गेलो तर फौजदार मान वळवून कोपऱ्यात गेला. माझ्यापासून. मास्तरांचा किती धसका घेतलाय त्यानं. तक्रारीला पुरावा हवा म्हणून डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलं. गाडी चालू होईना. ही मला न विचारता मास्तरांना बोलावून आली. आरोपीच्याच गाडीत, आरोपीशेजारी बसून गेलो. एक शब्द बोललो नाही. एकदाच 'उजवीकडे' म्हणालो, ते चुकीचं निघालं.

डॉक्टरीणबाईंनी फौजदाराचा ओठ वर केला. मागची मोठी दाढ उभी चिरलेली. मुळाशी पू झालेला, तीच सूज डोळ्याखाली. म्हणाल्या, बरेच दिवस ठणकत असणार, ही जनावरं दुखणं दाखवत नाहीत. चावणं कधी कमी झालं? ही म्हणाली, हाड आणल्यापासून. बाई म्हणाल्या, ज्यात आपलं नख रुततं तेवढंच त्याला चावायला द्यायचं.

दुकानदाराचा भयंकर राग आला. मास्तर फौजदाराचं डोकं धरून उभे होते. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, त्याचाही राग आला.

भूल देऊन दाढ काढली. तोवर बाहेरच्या बाकावर बसलो. डोळ्यांत पाणी आलं. रागानंच.

७ एप्रिल
सूज उतरली. मऊ खाणं चालू आहे, ताट चाटूनपुसून साफ. माझ्याजवळ अजून येत नाही. मास्तरांसाठी टोमॅटोची नवी रोपं आणली. द्यायला हिला पाठवलं. मला वेळ नव्हता.

२१ एप्रिल, सकाळ
मागच्या आठवड्यात घेतलेल्या नव्या जोडातला उजवा बूट गायब. फौजदार सोफ्यामागे तो चावत बसलेला. ओरडायला तोंड उघडलं, तर बूट उचलून घेऊन आला, माझ्या पायाशी ठेवला आणि पायाला टेकून बसला.

मग वाकून बुटात नख रुतवून पाहिलं. चामडं मऊ आहे.

डावाही दिला. ऑफिसला चपला घालून निघालोय. कडक शिस्त सोमवारपासून.