दुबार अर्ज

आदरणीय दादा,

तुम्हाला आणि वहिनींना इकडून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि वहिनींच्या खोकल्याला त्या नव्या डॉक्टरच्या गोळ्यांनी उतार पडला का, हे आधी कळवावं. माझी तब्येत ठीक आहे. (ठीक म्हणजे पट्ट्याला एक भोक नवीन पाडावं लागलं. स्वतःच्या हातचं खाणाऱ्या माणसाचं असंच होतं.) तुमची बहीण तुमच्याकडे सुखरूप पोहोचली, तिथे रमली, आणि वहिनींना शिवणकामात मदत करते आहे, असं शेजारणीकडून कळलं. ही बातमी मला शेजारणीकडून कळावी यात गैर काही नाही. शेजारणीला सगळंच माझ्या आधी कळतं.

फोन न करता पत्र का, असं तुम्हाला वाटेल. तुमच्याकडचा फोन तीच उचलते आणि माझा आवाज ओळखला की राँग नंबर म्हणून ठेवते. एकदा मी घाईघाईने 'नंबर बरोबर आहे' असं म्हणालो, तर 'मग माणूस चुकीचा असेल' म्हणून ठेवला. तेव्हा पत्रच बरं. शिवाय आलेलं पत्र घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने वाचायची तुमची सवय मला ठाऊक आहे. तसंच वाचावं. फक्त कंसातला मजकूर मनातल्या मनात वाचावा, तो तुमच्यापुरता आहे.

तर हकीकत अशी. तिने घर का सोडलं हे ती तुम्हाला सांगणार नाही, आणि तुम्ही विचाराल तर 'सहज आले' म्हणेल. ती सहज आलेली नाही. ती माझ्या पेन्शनमुळे आली आहे.

मी निवृत्त झालो आणि पेन्शनचा अर्ज करायची वेळ आली. आता त्याला दोन रस्ते आहेत. एक, घरबसल्या ऑनलाइन. दुसरा, प्रत्यक्ष कचेरीत जाऊन खिडकीवर. माझं मत तुम्हाला ठाऊकच आहे. मी आयुष्यभर आवक-जावकच्या टेबलावर बसलो. बाहेरून आलेल्या प्रत्येक कागदावर 'आवक'चा शिक्का मारायचा, वर तारीख टाकायची, आणणाऱ्याला पोच द्यायची, आणि कागद आत पाठवायचा. आत त्याचं पुढे काय व्हायचं ते मला माहीत नाही, ते माझं काम नव्हतं. पण शिक्का नसलेला कागद आमच्या कचेरीत आलाच नाही असं धरायचे, एवढं मला पक्कं माहीत आहे. माझ्या निरोपाच्या दिवशी सहकाऱ्यांनी तो जुना, तारखेचं चाक झिजलेला शिक्का मला भेट दिला. (तो मी घरी वापरत होतो. दूधवाल्याच्या बिलावर, वीजबिलावर, आणि शेजारणीने परत केलेल्या वाटीखालच्या कागदावरसुद्धा. तुमच्या बहिणीने तेव्हा काही म्हटलं नाही, त्यामुळे तिला आवडतंय असा माझा समज झाला.)

तुमच्या बहिणीचं मत उलटं. शिवणाचे क्लास घेऊन घेऊन तिच्या अंगात जी चिकाटी मुरली आहे, तिच्या जोरावर ती मोबाइलवर वीजबिल भरते, गॅस मागवते आणि डॉक्टरची वेळ घेते. ती म्हणाली, तुम्ही खिडकीवर खेटे घालत बसाल, मी इथे बसून आठवडाभरात उरकते. मी म्हटलं, उरक.

आठवडाभरात काही ते उरकलं नाही. अर्ज अर्ध्यावर आला की ते पान आपोआप मिटायचं आणि पहिल्यापासून सुरुवात करा म्हणायचं. ती 'उसवलं की परत घालायचं' एवढंच म्हणायची आणि परत माझ्या जन्मतारखेपासून सुरू करायची. मग 'मी यंत्रमानव नाही' अशा चौकटीत खूण करायची वेळ आली. मी म्हटलं, इतकी वर्षं सरकारी नोकरी केली, असं छातीठोकपणे कसं सांगू. तिने माझ्याकडे बघितलं आणि स्वतःच खूण केली. पुढे छोट्या छोट्या चित्रांतून सिग्नलचे दिवे निवडायचे होते. सिग्नलचा खांब हा दिव्यात धरायचा की नाही यावर आमची चर्चा इतकी रंगली की पान पुन्हा मिटलं. तेव्हापासून मला अर्ज पूर्ण होईपर्यंत गॅलरीत बसायला सांगण्यात आलं.

एकदाच आत बोलावलं, ते फोटोसाठी. नवरा-बायकोचा एकत्र फोटो लागतो, मागे पांढरी भिंत हवी. आमच्या घरात मोकळी पांढरी भिंत नाही म्हणून तिने दाराला चादर लावली, साखरेच्या डब्याला मोबाइल टेकवला, बटण दाबलं आणि धावत येऊन माझ्या शेजारी उभी राहिली. फोटो निघाला त्यात मी अटक झाल्यासारखा समोर बघतो आहे आणि ती समोर न बघता माझी दुमडलेली कॉलर सरळ करते आहे. दुसरा काढू म्हटलं, तर अर्जाचं पान मिटायला आलं होतं. तिने तोच चढवला. शेवटी अर्ज गेला, पडद्यावर लांबलचक क्रमांक आला, आणि तिने गॅलरीत येऊन मला तो दाखवला. खूप खूश होती. (लग्नानंतर तिने पहिल्यांदा सायकल शिकून दाखवली होती, तेव्हा अशीच खूश झाली होती.)

मी विचारलं, पोच कुठे आहे?

ती म्हणाली, हीच पोच. आता दादा, पडद्यावरच्या आकड्याला पोच म्हणायचं हे माझ्या काही केल्या पचनी पडेना. त्यावर शिक्का नाही, सही नाही. दुसऱ्या दिवशी भाजी आणायला म्हणून निघालो, कोपऱ्यावरच्या दुकानातून त्या अर्जाची छापील प्रत काढून घेतली, मागे सगळे दाखले जोडले आणि कचेरी गाठली.

कचेरीत चौकशीची खिडकी होती, पण चौकशीची माहिती पहारेकरी देत होता. मग टोकन घेतलं आणि बाकावर बसलो. खरं सांगू का, मला तिथे घरच्यासारखं वाटलं. पंखा आमच्यासारखाच फिरताना कुरकुरत होता, दोरीने बांधलेलं पेन होतं, गोंदाच्या बाटलीला वाळलेल्या गोंदाची दाढी होती. खिडकीमागे एक जाड भिंगांचे साहेब होते. त्यांनी माझे कागद बघितले, टाचण्या तपासल्या, आणि काही न विचारता शिक्का मारून पोच माझ्या हातात दिली. ओली शाई फुंकत मी बाहेर पडलो. भाजी आणायची राहिली.

घरी येऊन तिच्यापुढे पोच धरली. तिच्या चेहऱ्यावरून तिला फारसा आनंद झाला असं दिसलं नाही. पुढच्या आठवड्यात तिच्या मोबाइलवर निरोप आला (अर्जात तिचाच नंबर आहे, माझा मोबाइल मी घरातून बाहेर काढत नाही), की आपल्या नावे दुबार अर्ज आढळल्याने दोन्ही अर्ज स्थगित ठेवण्यात येत आहेत. तिने तो वाचला, मोबाइल पालथा ठेवला आणि दोरीवरचे कपडे काढून घड्या घालू लागली. मी तिला समजावलं की हातात पोच असली की कागद हरवत नाही. ती म्हणाली, कागद हरवलेला नाहीच, कागद दोन झालेत. एवढं सगळं मी केलं, ते तुम्हाला झालेलं वाटलंच नाही ना? मी म्हटलं, तसं नाही, फक्त शिक्का नव्हता. आता विचार केला तर हे उत्तर मी द्यायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी फिरून आलो तर ती नव्हती. जेवायच्या टेबलावर चिठ्ठी होती. 'दादाकडे जाते. किती दिवस ते ठरवलं नाही. पीठ वरच्या डब्यात आहे. जमेल ना?' मी चिठ्ठी वाचली. (पुढचं वाचून तुम्हाला काय वाटेल ते वाटो. माझा हात आपोआप गेला. मी त्या चिठ्ठीवर 'आवक'चा शिक्का मारला आणि वर तारीख घातली. माझ्या मनात काहीही नव्हतं, इतक्या वर्षांची सवय.) तेवढ्यात ती चष्मा विसरला म्हणून परत आली. टेबलावरून चष्मा घेताना तिला ती चिठ्ठी दिसली. तिने बॅग आत नेऊन आणखी साड्या भरल्या.

तेव्हापासून मी दोनातला एक अर्ज रद्द करायच्या मागे आहे. खिडकीवाले साहेब म्हणतात, ऑनलाइन अर्ज रद्द करा, तो ऑनलाइनच होतो. तो रद्द करायला गेलं की सहा आकडी ओटीपी येतो, तो तिच्या मोबाइलवर येतो, आणि मोबाइल तुमच्याकडे. मदतकेंद्राला फोन केला तर एक बाई माझा वेळ मौल्यवान असल्याचं सांगून गाणं लावतात. (इतक्या गोडीने माझ्याशी बऱ्याच दिवसांत कोणी बोललं नव्हतं, म्हणून मी परत परत फोन केला.) तिच्या मोबाइलवर अधूनमधून सहा आकडे येत असतील. ते पाठवणारा मी. ती माझी खुशाली समजावी.

तर दादा, मुद्द्याचं असं. माझी पेन्शन तिच्या मोबाइलवर अडली आहे. तेवढा एक ओटीपी तिच्याकडून मिळवून मला कळवावा. बाकी माझं इथे सगळं व्यवस्थित चाललं आहे.

आपला,
तुमच्या घरचा जावई

ता. क. हे पत्र तुमच्याकडे पोहोचायला चार-पाच दिवस लागतील आणि ओटीपी दहा मिनिटांत शिळा होतो, हे पाकिटाला तिकीट लावताना लक्षात आलं. तेव्हा ओटीपी कळवू नये. मोबाइलच पाठवावा. आणि तो तिच्याशिवाय कोणाला चालवता येत नाही.

ता. क. दुसरा. पाकीट दोन दिवस टेबलावरच राहिलं, म्हणून आणखी थोडं लिहितो. काल कचेरीत गेलो होतो. ऑनलाइन अर्ज माझ्याने रद्द होत नव्हता, आणि खरं म्हणजे करावासाही वाटेना, कारण तो तिने भरलेला. म्हणून मागच्या आठवड्यातच मी खिडकीवर जाऊन माझा कागदी अर्ज मागे घेतला होता. (वर तुम्हाला हे सांगितलं नाही, कारण मग ओटीपी मागायला काही कारण उरलं नसतं.) साहेबांनी पोच परत मागितली. ती देताना जिवावर आलं, पण दिली. त्यांनी तिच्यावर आडवी रेघ मारली. काल चौकशीला गेलो तर साहेब म्हणाले, तुमची ऑनलाइनवाली पेन्शन केव्हाच मंजूर झाली, मोबाइलवर निरोप गेला आहे. म्हणजे तुमच्या बहिणीला हे माझ्या आधी कळलं आहे आणि तिने मला सांगितलेलं नाही. याबद्दल मी तिला दोष देत नाही. साहेबांनी मंजुरीचा कागद छापून दिला. वरच्या कोपऱ्यात आमचा तो फोटो आला आहे. छपाई काळपट आहे, पण ती कॉलर सरळ करते आहे हे दिसतं. मी कागद घरी आणला आणि तसाच कपाटात ठेवला, शिक्का मारला नाही.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. हा कंसात नाही. मोठ्याने वाचावा, आणि ती स्वयंपाकघरात असेल तर तिकडे तोंड करून वाचावा. सोबतच्या पुडीत माझा शिक्का आहे, तो तिच्या हातात द्यावा. मी जन्मभर आलेल्या कागदाची पोच देत आलो, उत्तर देणं हे आतल्या लोकांचं काम होतं. त्यामुळे तिच्या चिठ्ठीलाही मी पोच दिली आणि उत्तर द्यायचं राहिलं. तिने शेवटी विचारलं होतं, जमेल ना. त्याचं उत्तर, नाही जमत. पीठ संपलेलं नाही, तेव्हा पिठासाठी म्हणून लिहीत नाही. तिच्याशिवाय मला करमत नाही. येताना शिक्का तिकडेच ठेवून आली तरी चालेल.